गच्चीवरचे चोवीस सांधे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी माळ्यावरून आकाशकंदील खाली उतरतो आणि त्याच्यामागून एक वायर उतरते. ही वायर माझ्या वडिलांच्या वेळची. कंदील दोन-तीन वर्षांनी बदलतो, वायर तीच. तिला आजवर किती ठिकाणी तोडले आणि किती ठिकाणी जोडले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. दर वर्षी मी तिचे टोक दातांनी सोलतो, तांब्याच्या बारीक तारा बोटांत धरून त्यांना पीळ घालतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि स्टुलावरून उतरून बटण दाबतो. कंदील लागतो. “अहो, लागला की!” असे सौ. म्हणते. तिच्या स्वरात जे आश्चर्य असते, ते मी दर वर्षी कौतुक म्हणून घेतो.

मराठीच्या प्राध्यापकाचे विजेचे शिक्षण एवढ्यावर संपते. दोन तारा एकमेकींना टेकल्या, वर टेप बसली, दिवा लागला, म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. ही समजूत माझ्या एकट्याची नसावी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरी कंदील असेच लागतात आणि बहुतेक सुखरूप उतरतातही. पण हीच समजूत गच्चीवर नेली तर काय होते, ते मी २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस डोळ्यांनी पाहिले. त्यात माझा स्वतःचा हात किती होता, तेही सांगणार आहे.

आमची इमारत मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. इतकी अंगाला की राष्ट्रीय उद्यानातली माकडे सकाळी येऊन आमच्या पाण्याच्या टाक्यांवर बसतात. चार मजले, दोन जिने, चोवीस बिऱ्हाडे, मागाहून बसवलेल्या दोन लिफ्ट आणि एक पंप. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पंप यांचे महावितरणचे बिल दर महिन्याला सगळ्यांत वाटले जाते, आणि दर महिन्याला तळमजल्यावरचे लोक लिफ्टच्या हिश्शावरून कुरकुरतात. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॉटांसाठी दर किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. आणि गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. एक किलोवॉट सोलर मुंबईत वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर आमच्या वार्षिक सभेत एरवी पार्किंगवरून होणारी भांडणे त्या वर्षी सूर्यावरून झाली. शेवटी दहा किलोवॉटांचे ठरले. ५५० वॅटचे एक, अशी अठरा पॅनेल. नऊ-नऊच्या दोन माळा.

तीन ठेकेदारांची अंदाजपत्रके आली. पॅनेल कुठल्या कंपनीचे, पंचवीस वर्षांची हमी कशी, यावर चर्चा झाली. त्यांतल्या एका अंदाजपत्रकात खाली एक ओळ होती: ‘पॅनेलच्याच बनावटीचे कनेक्टर, योग्य हत्याराने क्रिम्पिंग व तपासणी’, आणि पुढे वेगळी रक्कम. मी समितीचा खजिनदार. तपासनिसाची सवय. तांबडी पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. “वायर जोडायचे वेगळे पैसे? मग पॅनेल गच्चीवर चढवायचे वेगळे, उतरायचे वेगळे, असंही लिहा!” असे म्हणून मी सभेत हशाही मिळवला. ठेकेदाराने खळखळ न करता रक्कम कमी केली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

२०२५ च्या जानेवारीत काम झाले. त्या महिन्यात गच्चीवर जाऊन ते निळेकाळे आरसे पाहणे हा इमारतीतल्या सर्वांचा छंद होता. पॅनेल पुरुषभर उंचीच्या लोखंडी सांगाड्यावर बसवले होते, त्यामुळे खाली आयती सावली झाली. मुंबईकराला आयती सावली दिसली की तो तिथे सामान ठेवतो. आमच्या गणेशोत्सवाच्या मखराच्या कामट्या, पडदे आणि चार जुन्या गाद्या त्या सावलीत, पाणी लागू नये म्हणून फळ्यांचा उंच माळा करून त्यावर रचल्या गेल्या. त्या मंडळाचाही खजिनदार मीच. मेच्या सुटीत मुले तिथेच लपाछपी खेळत, माझी धाकटी मुलगी त्यांत होती.

आता तळमजल्यावरच्या काकांची ओळख करून द्यायला हवी. काका वीज कंपनीत जॉइंटर होते. रस्ता खणून जमिनीखालची केबल उघडी करायची, तुटलेली टोके जोडायची आणि खड्डा बुजवून पुढे जायचे, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा व्यवसाय. जॉइंटर हा शब्द ते आपल्यापैकी कोणी ‘सर्जन’ म्हणावा अशा तोऱ्यात उच्चारतात. सोलर बसत होते तेव्हा ते नातवाच्या बारशाला नाशिकला होते. परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “मास्तर, सांधे किती आहेत?”

मला काय ठाऊक! काका वर गेले, मान वाकडी करकरून मोजून आले. एका माळेत नऊ पॅनेल, म्हणजे त्यांच्यामध्ये आठ सांधे. दोन माळांचे सोळा. हे सांधे पॅनेलबरोबर कारखान्यातून आलेल्या वायरींचे. प्रत्येक माळेची दोन टोके, ती खाली येणाऱ्या लांब केबलला जोडलेली. हे झाले चार. त्या केबली इन्व्हर्टरला जिथे शिरतात तिथे आणखी चार. “चोवीस. बिऱ्हाडं चोवीस, सांधेही चोवीस. त्यातले सोळा कारखान्याने केले, त्यांची मला फारशी काळजी नाही. उरलेले आठ कोणी केले?” मी म्हटले, एक पोरगा होता. काका “हं” म्हणाले आणि विषय तिथे राहिला.

सांधा म्हटले की मला संधी आठवतो. व्याकरणातला संधी पुल्लिंगी आणि नोकरीची संधी स्त्रीलिंगी, हे सांगताना वर्गातली मुले हमखास हसतात. देव आणि आलय जवळ आले की देवालय होते. दोन्ही स्वर एकमेकांत असे विरघळतात की जोड दाखवता येत नाही. विजेच्या सांध्याकडून काकांची अपेक्षा नेमकी हीच असते. धातू धातूला असा भिडला पाहिजे की मध्ये हवा नाही, पाणी नाही, काजळी नाही. प्रवाहाला आपण एका तारेतून दुसरीत गेलो हे कळता कामा नये. माझ्या कंदिलाच्या वायरीतला पीळ म्हणजे संधी नव्हे. ते नुसते शेजारी शेजारी बसणे आहे.

मग कंदील कसा चालतो? याचे उत्तर काकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर दिले. हल्लीच्या कंदिलातल्या दिव्याला वीज लागते ती थोडकी, आणि घरातली वीज असते एसी, क्रमिक पुस्तकाच्या भाषेत प्रत्यावर्ती. ती सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणजे सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते. कुठे सैल तारेत ठिणगी पडलीच तर तिला विझायला सेकंदात शंभर वेळा सवड मिळते. पॅनेलमधून येणारी वीज डीसी, म्हणजे दिष्ट. ती एकाच दिशेने वाहते आणि ऊन असेपर्यंत शून्यावर येतच नाही. सैल सांध्यात एकदा ठिणगीची कमान धरली की ती धरूनच राहते, आणि तिच्या धगीपुढे तांबेसुद्धा टिकत नाही. आमच्या एका पॅनेलचा दाब पन्नास व्होल्टांच्या आतबाहेर, आणि नऊ पॅनेल एकामागे एक जोडल्यावर तो चारशेच्या वर जातो. शिवाय घरातली वीज मेन स्विच खाली ओढला की बंद होते. सूर्याचा मेन स्विच कुठे आहे? इन्व्हर्टर बंद केला तरी दिवसाउजेडी पॅनेलपासून खालच्या स्विचपर्यंतच्या तारा जिवंतच असतात.

डीसीचा हा स्वभाव मुंबईकराला खरे तर अगदीच अपरिचित नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती दीड हजार व्होल्ट डीसीवर. पुढे एक्क्याण्णव वर्षे आपल्या लोकल त्याच विजेवर धावल्या. हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये गेली. पावसाळ्याच्या रात्री गाडीच्या डोक्यावर निळीपांढरी ठिणगी लखकन पेटून बाजूच्या चाळींच्या भिंती उजळायची, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांध्यातल्या ठिणगीची कल्पना द्यावी लागत नाही. मौज अशी की सोलरच्या चांगल्या केबलवर आजही तोच आकडा छापलेला असतो: १५०० व्होल्ट डीसी.

तर त्या वर्षी मान्सूनने घाई केली. २६ मे २०२५ लाच तो मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने बातमी आणली की वरच्या जिन्यातल्या पेटीवर तांबडा दिवा लागला आहे. पेटी म्हणजे इन्व्हर्टर. अकराच्या सुमारास पाऊस उघडला आणि दिवा आपोआप हिरवा झाला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. ठेकेदाराला फोन केला. “ओलाव्यानं होतं साहेब, वाळलं की जातं,” असे त्याने सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. काकांना मी ते तसेच सांगितले. काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “ओलावा जातो, मान्य. पण शिरतो कुठून?”

त्या दुपारी पाऊस थांबला होता. काकांनी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग एसीचा स्विच, मग डीसीचा. हा क्रम त्यांनी मला मोठ्याने म्हणायला लावला, पाढे म्हणायला लावतात तसा. त्यानंतर चिमट्यासारखे मीटर केबलभोवती धरून प्रवाह शून्य असल्याची खात्री केली, रबरी हातमोजे चढवले आणि बॅटरी घेऊन ते पॅनेलखाली शिरले. मी छत्री धरून बाहेर उभा. छत्रीचा तिथे उपयोग नव्हता, पण माणसाला काहीतरी धरायला लागते.

पहिल्या माळेच्या टोकाशी कनेक्टरचे मागचे नट नुसत्या बोटाने फिरले. पान्याने आवळायचे असते ते कोणी आवळलेच नव्हते. केबल वरून उतरत सरळ त्याच्या तोंडात आली होती, त्यामुळे पावसाचे पाणी केबलीवरून घरंगळत आत जाई. केबलीला खाली एक झोळ दिला असता तर पाणी झोळाच्या तळातून ठिबकून गेले असते. तांबड्या दिव्याचे कारण ते होते. मला हायसे वाटले. तेवढ्यात काकांचा दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, “मास्तर, इकडे या. आणि आधी या गाद्या हलवा.”

दुसऱ्या माळेच्या शेवटच्या कनेक्टरचा काळा रंग जाऊन तो तपकिरी झाला होता. एका बाजूने फुगला होता, पुरणपोळी तव्यावर एका अंगाने फुगते तसा. जवळ गेल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्याच्या खाली वीतभर अंतरावर आमच्या गाद्यांचा ढीग आणि मखराचा पडदा. मी तो पडदा ओढून काढला तेव्हा माझ्या हातात मुलीची केसांची रिबीन आली. ती लपायची जागा होती.

त्यानंतर गाद्या कोणी खाली नेल्या, सेक्रेटरी बाई काय म्हणाल्या, हे मला नीट आठवत नाही.

जळका कनेक्टर लगेच काढता येत नव्हता. माळेच्या टोकाला दिवसा दाब असतोच. काकांनी अंधार पडण्याची वाट पाहिली, मीटर लावून दाब गेल्याचे पाहिले आणि मगच तो केबलीसकट कापला. रात्री आमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो करवतीने उभा चिरला. आत धातूची एक नळी असते. सोललेली तार त्या नळीत घालून नळी चहूबाजूंनी सारखी दाबायची, याला क्रिम्पिंग म्हणतात, आणि त्यासाठी केबलच्या मापाची खास पक्कड मिळते. आमच्या नळीवर साध्या पकडीच्या दातांचे वळ होते. नळी चपटी झाली होती, आणि तारेचे पाच-सहा धागे आत न जाता बाहेरच वळून राहिले होते.

काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. अशा सांध्याचा अडथळा पाव ओहम धरा. त्यातून दहा अँपिअर प्रवाह गेला तर दहा गुणिले दहा गुणिले पाव, म्हणजे पंचवीस वॅट उष्णता. पूर्वी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग द्यायची जी विजेची सळई असे, ती साधारण पंचवीस वॅटचीच. ती सळई आमच्या गादीवर वीतभर उंचीवर रोज उन्हाच्या वेळी पेटून राहिली होती. नीट केलेल्या सांध्याचा अडथळा ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तिथे एका वॅटच्या दहाव्या हिश्शाइतकीही उष्णता होत नाही. शिवाय हे दुष्टचक्र आहे. सांधा तापला की धातूवर काजळी चढते, काजळीने अडथळा वाढतो, अडथळ्याने आणखी तापतो.

चिरलेल्या तुकड्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. जोडीतला नर एका कंपनीचा होता आणि मादी दुसऱ्या. दोन्ही दिसायला सारखे, दोन्हींवर बारीक अक्षरे, दोन्ही एकमेकांत बसताना ‘टक्’ असा आवाज करणारे.

या कनेक्टरला बाजारात एमसी फोर म्हणतात. ‘एमसी’ ही मल्टी-कॉन्टॅक्ट या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीची आद्याक्षरे, आणि चार म्हणजे आतल्या खिळीची जाडी, चार मिलिमीटर. ती कंपनी पुढे स्टॉयब्ली या नावाखाली गेली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. कुठल्याही वनस्पती तुपाला जसे आपल्या आया डालडा म्हणत, तसे आता कोणाच्याही कनेक्टरला एमसी फोर म्हणतात. घोटाळा इथेच आहे. प्रत्येक कारखान्याचे माप केसभर वेगळे, आतली कल्हई कोणाची चांदीची तर कोणाची कथलाची, प्लास्टिक निराळे, रबराची कडी निराळी. एकाचा नर दुसऱ्याच्या मादीत बसतो, पण तो तिथला नव्हे. म्हणून जागतिक प्रमाणकांतही स्पष्ट नियम आहे की जोडी एकाच कारखान्याची आणि एकाच जातीची हवी. आमच्या भाषेत जिल्हा हा शब्द अरबीतून आला आणि अधीश संस्कृतातून, तरी जिल्हाधीश सुखाने कारभार करतात. विजेत ही सवलत नाही.

हे दुखणे मुलुंडचे एकट्याचे नाही. २०१९ साली अमेरिकेत वॉलमार्टने टेस्ला कंपनीवर दावा लावला. सात दुकानांच्या छपरांवर सोलरमुळे आगी लागल्या आणि बसवण्यात व देखभालीत हयगय झाली, असा तिचा आरोप होता. त्याच वर्षी दोघींनी आपसांत मिटवले. जर्मनीत फ्राउनहोफर संस्था आणि टीयूव्ही राइनलँड यांनी मिळून सोलरच्या आगींचा पद्धतशीर अभ्यास केला. सोलरमुळे मोठी आग लागणे ही तिथे अतिशय विरळ गोष्ट ठरली, हे आधी सांगायला हवे, नाहीतर हा लेख वाचून कोणी उद्याच पॅनेल उतरवायला काढील. पण ज्या आगी लागल्या त्यांत बसवणाऱ्यांच्या हातच्या चुका होत्या, आणि दुखऱ्या जागांत कनेक्टर होते.

ठेकेदाराला समितीपुढे बोलावले. तो जुना तुकडा पाहून म्हणाला, “टक् झालं म्हणजे बसलं, असं आम्ही धरतो साहेब.” कोणी फिर्याद करा म्हणाले, कोणी सगळे उतरवून टाका म्हणाले. मग त्याने आपल्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. माझ्या तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढलेले अंदाजपत्रक. “हे तुम्हीच खोडलं होतं.” सभेत शांतता झाली. त्याने चुकीचे काम केले हे खरेच, पैसे कमी मिळाले म्हणून साध्या पकडीने सांधा करायचा परवाना कोणाला मिळत नाही. पण त्या रेघेकडे पाहताना मला काही बोलता आले नाही. खोडलेली रक्कम मी सोसायटीला माझ्याकडून भरून दिली. सौ.ला हे अजून पुरते पटलेले नाही.

ज्याने ते आठ सांधे केले तो मुलगा विशीचा होता, दिव्याहून येणारा. त्याला दर पॅनेलमागे पैसे मिळत, सांध्यामागे काही नाही. पक्कड एकच, आणि ती त्या दिवशी दुसऱ्या कामावर गेली होती. काकांनी ठेकेदाराला एकच अट घातली: सांधे पुन्हा करायचे ते याच मुलाने, आणि आपल्यासमोर.

दोन दिवसांनी आमच्या टेबलावर शाळा भरली. पॅनेलच्या कागदपत्रांतून त्याच्या कनेक्टरची कंपनी आणि जात शोधून तेच नर-मादी आणले होते. केबलचे वीतभर तुकडे सरावाला. काका आधी सोलायला शिकवत होते: सहा-सात मिलिमीटर, जास्त नाही, कमी नाही, आणि एकही धागा तुटता कामा नये. सोलरच्या केबलचे तांबे कल्हई केलेले असते, म्हणून ते रुपेरी दिसते. मग नळीत घालायचे, नळीच्या छिद्रातून धागे दिसतात का पाहायचे, पक्कड आपणहून सुटेपर्यंत दाबायची. “ओढ.” मुलगा ओढी. पहिल्या तीन वेळा तार निघून आली. चौथ्या वेळी निघाली नाही. मग ती नळी प्लास्टिकच्या घरात टक् होईपर्यंत सारायची, पुन्हा ओढून पाहायची, आणि मागचे नट पान्याने आवळायचे. मुलगा म्हणाला, “काका, मला हे कोणी दाखवलंच नव्हतं.” काका म्हणाले, “मलाही पहिल्या वर्षी कोणी दाखवलं नव्हतं. एक सांधा फुटला, तेव्हा दाखवलं.” हातावरचा जुना डाग त्यांनी बाही वर करून दाखवला.

आठही सांधे त्याने दोन संध्याकाळी केले, दिवस मावळल्यावर. केबल कनेक्टरपाशी लगेच वाकवली नाही, हातभर सरळ येऊ दिली, मग खाली झोळ. नायलॉनच्या पांढऱ्या पट्ट्या उन्हाने वर्षभरात तुकडे होऊन पडतात, म्हणून त्या काढून स्टीलच्या बसवल्या, आणि माकडांनी झोके घेऊ नयेत म्हणून केबल पाइपात घातली. सकाळी माळा जोडण्याआधी प्रत्येकीचा दाब आणि अधिक-उणे मीटरवर पाहिले, मेगर लावून गळती तपासली. तांबडा दिवा नंतरच्या धो धो पावसातही लागला नाही.

ज्यांच्या गच्चीवर सोलर बसायचे आहे त्यांना एवढेच सांगतो की पॅनेलची हमी विचारून झाली की ठेकेदाराला तेवढ्याच गांभीर्याने विचारा: पॅनेलला कुठला कनेक्टर आहे, तुम्ही समोर कुठला लावणार, पक्कड कुठली, आणि सांधा करणारा कोण. केबलवर आयएस १७२९३ हा क्रमांक आहे का, तो वाचा. घरातली साधी वायर उन्हापावसात तडकते. स्विच आणि एमसीबी डीसीचेच हवेत, एसीचे चालत नाहीत. सांधा करणाऱ्याने शिक्षण घेतले आहे का, हे विचारायला लाजू नका. ‘सूर्यमित्र’ नावाचा तीन महिन्यांचा सरकारी अभ्यासक्रम २०१५ साली सुरू झाला तो याच कामासाठी. आणि कृपा करून स्वतः हात घालू नका. चालू माळेतला कनेक्टर उन्हात उपसून काढला तर ती निळी ठिणगी तुमच्या हातात पेटेल. खजिनदारांना वेगळी विनंती आहे, ती त्यांना कळली असेल.

आता आमच्या सोसायटीच्या दप्तरात एक वही आहे. तिच्यात चोवीस सांध्यांना एक ते चोवीस असे क्रमांक दिले आहेत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर काका आणि मी ऊन चढल्यावर वर जातो; लांबून उष्णता मोजणारे एक पिस्तुलासारखे यंत्र आहे, ते एकेका सांध्यावर रोखतो आणि आकडा लिहितो. शेजारच्या सांध्याहून कोणी जास्त तापलेला दिसला की त्याच्यापुढे मी खूण करतो. पेन्सिल तीच, तांबडी. पॅनेलखाली आता काही ठेवत नाही. मखर माझ्या दिवाणखान्यात आहे.

कंदिलाची वायर यंदा बदलली. काकांनी दोन्ही टोकांना प्लग बसवून दिले.

मागच्या आठवड्यात रात्री नऊ वाजता काकांचा फोन वाजला, मी त्यांच्याचकडे बसलो होतो. तो दिव्याचा मुलगा डोंबिवलीच्या एका बंगल्याच्या गच्चीवरून बोलत होता. “काका, माळ तयार आहे, पण मालकांनी दुसऱ्याच कंपनीचे कनेक्टर आणून दिलेत. टक् तर होतंय. लावू का?”

“नको,” काका म्हणाले. “मालकांना फोन दे.”